लवंगेवरचं नवरात्र

विमलताईंना भूक लागायची. बावन्न वर्षांच्या आयुष्यात लोकांनी त्यांच्याबद्दल एवढी एकच तक्रार केली, पण ती रोज केली.

लग्न होऊन राळेगावात आल्या तेव्हा तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, माहेरी खायला घालत नव्हते का? नंतर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्यांच्या नावालाच चिकटली. आमच्याकडे ती सगळ्याच बायांना कधी ना कधी ऐकावी लागते, पण विमलताईंच्या ताटाकडे पाहिल्याशिवाय त्या घरात कुणाला घास गिळत नव्हता. घर मोठं, कापूस आणि तुरीचं शेत चांगलं, बारा-चौदा माणसांचा स्वयंपाक. रांधायचं यांनी, शेवटी बसायचं यांनी, आणि उरलंसुरलं जास्त खाल्लं म्हणून बोलणीही यांनीच खायची. नवरा, सदाशिवराव, मुका माणूस. म्हणजे बोलता येतं, पण आईपुढे कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

मी दीपा. तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सगळे सिस्टरच म्हणतात. आमची बौद्धांची वस्ती त्यांच्या घरामागच्या नाल्याच्या पलीकडे. विमलताईंचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा उपकेंद्रात रात्रभर मी उशाशी बसले होते, तेव्हापासूनची आमची ओळख. मग दुपारची सामसूम झाली की त्या मागच्या दारानं निघायच्या, नाला ओलांडायच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसायच्या. भाकर, झुणका, कधी सुकटीची चटणी. पोटभर जेवायच्या. मग पदरानं तोंड पुसायच्या, मूठभर बडीशेप चावायच्या आणि परत जायच्या.

“तुह्या घरची गोष्ट आमच्या गल्लीत येत नाही दीपा,” म्हणायच्या. “म्हून तं इथं बसून खाता येते.”

गोष्ट येत नव्हती हे खरं. मीही जात नव्हते. तीस वर्षांत मी त्यांच्या ओसरीच्या पुढे गेले नाही. चहा मिळायचा तो ओसरीवर, वेगळ्या ठेवलेल्या कपात. मला राग येत नव्हता असं मी सांगणार नाही. येत होता. पण इतक्या आनंदानं जेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्या जेवायला बसल्या की माझा राग टिकायचा नाही.

पंचेचाळिशीत साखर निघाली. गोळी सुरू झाली. वजन वाढत गेलं, मग गुडघे बसले. गेल्या वर्षी उन्हाळा सरताना मी त्यांना यवतमाळला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. वजन ब्याण्णव किलो. डॉक्टरनं आठवड्यातून एकदा घ्यायची सुई लिहून दिली. पेनासारखी असते, मागचं बटण फिरवलं की मात्रा ठरते, पोटाच्या चरबीत टोचायची. साखरही आवरते आणि भूकही मरते.

डॉक्टर चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे कुणी गेलं की पहिली शिवी डॉक्टरला. त्यानं अर्धा तास समजावलं. सुरुवातीला मळमळ होईल, थोडं थोडं खा. पाणी भरपूर प्या. उलट्या थांबल्या नाहीत, पोटात जोरात दुखलं, तर पुढची सुई घेऊ नका, सरळ इकडे या. मात्रा मी वाढवीन, तुम्ही वाढवायची नाही. साखरेची गोळी आजपासून अर्धी, कारण सुई आणि गोळी दोन्ही मिळून साखर फार खाली नेतात. आणि उपाशी राहायचं नाही. महिन्यानं दाखवायला या. विमलताई मान हलवत होत्या आणि मी सगळं कागदावर लिहून घेत होते.

घरी सांगितलं, गुडघ्याची सुई आहे. खरं सांगितलं असतं तर सुना हसल्या असत्या की सासूबाई बारीक व्हायला निघाल्या, आणि सासूबाईंच्या सासूबाई अजून जिवंत होत्या, पंच्याऐंशीच्या, जीभ शाबूत. घरच्या फ्रिजमध्ये पेन ठेवलं तर सगळ्यांना दिसणार. म्हणून ते माझ्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे. दर शनिवारी दुपारी विमलताई यायच्या आणि मी टोचायचे.

पहिल्या महिन्यात मळमळ झाली, एक-दोनदा ओकल्या, मग बसलं. एका शनिवारी त्यांनी अर्धी भाकर ताटात ठेवली आणि उठल्या. मी म्हटलं, “ताई, काय झालं?” त्या स्वतःच चकित होत्या. “भरलं वं पोट. खरंच भरलं.” आम्ही दोघी मूर्खासारख्या हसलो.

महिन्यानं दाखवायला जायचं होतं. आज निंदण, उद्या पाहुणे, परवा बस चुकली. गेलोच नाही. पुढच्या मोठ्या मात्रेचं पेन त्यांनी एका औषधाच्या दुकानातून मागवलं, आणि दुकानदारानं कागद मागितला नाही. पेनावरचा आकडा मी वाचला नाही असं नाही. वाचला. “डॉक्टरले विचारलं का?” म्हटलं. “वजन तं उतरून राह्यलं ना,” त्या म्हणाल्या, आणि मी टोचलं. साखरेची गोळी अर्धी करायची राहूनच गेली. एकदा आठवण दिली, तर म्हणाल्या, “पूर्ण घेते म्हून तं साखर चांगली आहे.” उपकेंद्रात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण ही माझी मैत्रीण होती आणि खूश होती.

चार महिन्यांत अकरा किलो उतरलं. ब्लाउज आत घ्यावे लागले. लोक विचारू लागले, ताई, वाळल्या बाप्पा, काय केलं? सुईचं सांगायचं नव्हतं. म्हणून त्या म्हणाल्या, “देवीची कृपा.” तिथून गोष्ट बिघडली.

नवरात्र आमच्या जिल्ह्यात कसं असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नऊ दिवस लोक चप्पल घालत नाहीत, चौकाचौकात मांडव, दिवसभर लाउडस्पीकर. आणि उपवासाच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खाली उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. त्याच्यावर एकभुक्त, मग फळांवर, मग दुधावर. सगळ्यात वर लवंगेवर: सकाळी दोन लवंगा, संध्याकाळी दोन, आणि देवीपुढच्या तांब्यातलं चार घोट पाणी. लवंगेवर नवरात्र धरणारी बाई गावात दहा वर्षांत एखादी निघते, आणि निघाली की तिच्या पाया पडायला रांग लागते. विमलताईंना आजवर खालची पायरीही पेलली नव्हती. उठता-बसता धरायच्या आणि दुपारी माझ्याकडे येऊन उसळ खायच्या.

घट बसायच्या आदल्या शनिवारी सुई घेताना म्हणाल्या, “यंदा लवंगेवर धरते.”

मी हसले. मग त्यांचं तोंड पाहिलं. “ताई, डॉक्टरनं उपाशी राहू नका म्हणून सांगितलंय.”

“उपाशी कायले? उपाशी म्हंजे भूक लागूनबी न खाणं. मले लागतच नाही वं. आयुष्यात पयल्यांदा लागून नाही राह्यली. मंग हे कायले वाया घालू?”

यावर मी भांडले, नाही म्हणत नाही. पाणी तरी प्या, मीठ-साखर घालून प्या, गोळी बंद ठेवा. त्यांनी कान दिला नाही. आमच्याकडे औषधानं उपवास मोडत नाही. साखर उतरवणारी गोळी चालते, मीठ-साखरेचं पाणी चालत नाही. हा नियम कुणी केला माहीत नाही. ज्यानं केला त्याला साखर नसावी.

“सांगू का सदाशिवभाऊंना?” मी शेवटी म्हटलं.

“सांगशील तं माहं मेलेलं तोंड पाहशील,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या माळेला त्यांचा पुतण्या पिंटू, मंडळाचा अध्यक्ष, लाउडस्पीकरवरून ओरडला की आपल्या विमलकाकू लवंगेवर आहेत. संध्याकाळपर्यंत रांग लागली. ज्या जावेनं आयुष्यभर त्यांच्या पोळ्या मोजल्या ती पाया पडली. आणि सासूबाई काठी टेकत आल्या, स्वतःच्या हातानं कुंकू लावलं आणि म्हणाल्या, माही सून सोनं आहे. विमलताई हे मला सांगायला आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ओठ इतके कोरडे होते की बोलताना चिकटत होते. मी हात धरून त्यांची कातडी चिमटीत उचलून पाहिली. ती तशीच उभी राहिली. लघवी कशी होते विचारलं, तर म्हणाल्या, होते थोडीशी, चहासारखी.

“ताई, पुरे झालं.”

“सहा रोज राह्यले आता. अन् आयक, दसऱ्याले पारणं आहे. तुले माह्या चुलीपाशी बसवते, पयल्या पंगतीत. कोण बोलते पाहू. आता माह्यापुढं कोणी बोलत नाही.”

तिथे मी गप्प बसले. साठी उलटलेली बाई मी, पेन्शन घेते, मुलगा संघदीप नागपूरला इंजिनियर आहे, मला कुणाच्या चुलीपाशी बसायची काय पडली होती? पण पडली होती. तीस वर्षं ओसरीवरच्या वेगळ्या कपातून चहा प्यायला की पडते.

पाचव्या माळेला गुरुवार होता. दुपारी त्या आल्या तेव्हा दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. अनवाणी पाय चिखलानं भरलेले. चेहऱ्यावर घाम, हात थरथरत होते. खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.

“दीपा, मले भूक लागून राह्यली.”

चुलीवर वांग्याची भाजी होती. भाकरी टोपल्यात, फडक्याखाली, गरम. त्यांना वास आला असणार, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

“मांडवात भजे तळून राह्यले होते,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, हात घालून खाऊन टाकावं. सगळ्या बाया माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. सुईचा असर उतरला वं. परवाची सुई आजच दे. चार रोज काढायचे आहेत. आता मोडलं तं काय तोंड दाखवू? सासू काय म्हणन?”

मी तेव्हा काय विचार केला ते मला नीट आठवतं, आणि आठवू नये असं फार वाटतं. मी विचार केला की आठवड्याची सुई दोन दिवस अलीकडे घेतली तर चालते. तेवढं पुस्तकात आहेच. उपाशी, कोरड्या पडलेल्या अंगात टोचायची नाही हेही मला माहीत होतं. पण घाम, थरथर, अचानक भूक. ही साखर उतरल्याची खूण आहे हे मी उपकेंद्रातल्या आशा सेविकांना वर्षानुवर्षं शिकवलं. फळ्यावर चित्र काढून शिकवलं. साखर तपासायचं यंत्र फ्रिजवर, हात लांब केला की लागेल असं ठेवलेलं होतं. ती भूक सुईचा असर उतरल्याची नव्हती. ते अंग जगायला अन्न मागत होतं, आणि मी नर्स असून त्याला सुई टोचून गप्प केलं.

त्या गेल्यावर मी जेवायला बसले. जेवले सुद्धा.

सातव्या माळेला सकाळी मांडवाकडून एकदम ढोलांचा आवाज वाढला. आमच्या वस्तीतली सुखीबाई धावत आली, म्हणाली, विमलबाईच्या अंगात देवी आली. मी चप्पल न घालता पळाले, तर बायांना वाटलं मीही व्रत धरलंय, आणि त्यांनी वाट दिली. मधे विमलताई बसल्या होत्या. केस सुटलेले, मान घुमत होती, डोळे उघडे पण कुणाला ओळखत नव्हते, काहीतरी अर्धवट बोलत होत्या. अंग घामानं निथळत होतं. तासभर झाला होता. बाया ओटी भरत होत्या, प्रश्न विचारत होत्या: पोरीचं लग्न कधी जमन, जमिनीची केस कधी सुटन. त्या बरळल्या की पिंटू त्याचा अर्थ लावून माइकवर सांगत होता.

“साखर आणा!” मी ओरडले. “गूळ, साखर, काहीही आणा, लवकर!”

“सिस्टर, उपास मोडन त्यायचा,” कुणीतरी म्हणालं.

देवीच्या पुढ्यातलं पेढ्याचं ताट मी ओढलं. चार हात मला मागे खेचत होते. पेढा बोटावर चिरडून मी त्यांच्या हिरड्यांना चोळला, पुन्हा चोळला. थोड्या वेळानं त्यांची मान थांबली. त्यांनी मला पाहिलं आणि ओठांवरून जीभ फिरवली. मग त्या ओकल्या, आणि ओकतच राहिल्या.

यवतमाळला नेलं. तोवर किडनीनं काम सोडलं होतं; साखरेनं ती आधीच कमजोर होती, वर उलट्या आणि सहा दिवस कोरडं अंग. डॉक्टरनं विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? सदाशिवराव गोळ्यांचं पाकीट दाखवत होते. ते पाण्याची बाटली आणायला गेले तेवढ्यात मी डॉक्टरला सुईचं सांगितलं. मात्रा सांगितली, गुरुवारी दोन दिवस आधी टोचल्याचंही सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. घरच्यांना मात्र ‘किडनी’ एवढाच शब्द कळला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी विमलताई गेल्या. त्यांचं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं.

गावानं ठरवून टाकलं की देवीनं त्यांना नेलं. व्रत पूर्ण व्हायच्या आत कुणीतरी तोंडात पेढा कोंबला म्हणून नेलं, असंही काही जण म्हणाले, आणि ते कुणीतरी कोण हे सगळ्यांना माहीत होतं. मी ऐकून घेतलं. ते म्हणत होते ती चूक मी केली नव्हती, पण त्याहून वाईट गोष्ट केली होती.

यंदा घट बसायच्या आठ दिवस आधी चौकात फ्लेक्स लागला. विमलताईंचा फोटो, भोवती लवंगांची नक्षी, आणि त्यांच्या नावानं सामूहिक लवंगव्रत. अकरा बायांनी नाव दिलं होतं. त्यातल्या तिघी साखरेच्या, मला माहीत आहे, त्यांचे कागद माझ्या हाताखालून गेलेले. आणि एक ती सुई घेते, कारण ती मला चोरून विचारायला आली होती की व्रतात चालेल ना. मी घरोघर फिरले. गोळी बंद करा, नाहीतर व्रत सोडा, डॉक्टरला विचारा. विमलताईंच्या जावेनं मला ओसरीवरच अडवलं आणि म्हणाली, “सिस्टर, तुमच्यात हे काही नसते ना, तुमाले काय समजते त्यातलं?”

एकाच माणसाचं गाव ऐकेल असं वाटलं. मी सदाशिवरावांकडे गेले. अंगणात खाटेवर बसले होते, एकटेच. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सुई, फ्रिज, मोठ्या मात्रेचं पेन, गोळी, ओठ, गुरुवार. काही लपवलं नाही. म्हटलं, तुम्ही पिंटूला सांगा, हे थांबवा, नाहीतर यंदा आणखी कुणाच्या घरी मर्तिक होईल. मला वाटलं होतं ते मारायला उठतील. उठले असते तर बरं झालं असतं.

ते खाटेची दोरी बोटानं ओढत राहिले.

“पिंटूले सांगतो,” शेवटी म्हणाले. “बोर्ड काढाले लावतो.”

मी वळले. अंगणाच्या फाटकाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

“सिस्टर. त्या रोजी तिनं सोताच्या तोंडानं सांगतलं? भूक लागली म्हून?”

“हो, भाऊ.”

“मले पस्तीस वर्षांत कधी नाही सांगतलं. तुमच्या घरी काही शिजलं नव्हतं का त्या रोजी?”

“शिजलं होतं.”

ते माझ्याकडे पाहत होते. आवाज चढलेला नव्हता, राग नव्हता. त्यांना खरोखरच समजत नव्हतं.

“मंग जेवू काहून नाही घातलं तिले?”